रेडिंगहून पत्र: घारी, आजी आणि मोतीबिंदू

रेडिंग, इंग्लंड, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आई, कानटोपी घालतो. फोटोत दिसत नाही, कारण फोटो मीच काढत असतो.

ग्रुपवर टाकलेल्या माझ्या फोटोत काकांना विमान दिसलं, पण ते विमान नव्हतं, त्यांना सांग. घार होती. इथलं आकाश पांढरं. कॅमेरा उजेडाला फसतो आणि पक्षी नुसता काळा येतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, मुद्दाम एखाद-दीड स्टॉप (पायरी) वाढवायचं आणि शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवायचं, एवढं आता कळलंय. हिवाळ्यात सूर्य भर दुपारीही खालीच असतो. घार वळली की पंखांखाली ऊन शिरतं आणि तांबूस रंग उजळतो. आपल्या घारीपेक्षा हिची शेपूट जास्त खोल दुभंगलेली.

आता शेजारच्या आजींची गंमत. त्या रोज दुपारी ठरल्या वेळी परसात चिकनचे तुकडे टाकतात. घारींसाठी! त्या एकट्याच नाहीत, या गावात बरेच जण टाकतात. घारी सहसा खाली बसत नाहीत. झेप घालून तुकडा नखांत धरतात आणि उडता उडताच खातात. घालू नका, असं पक्ष्यांचे जाणकार बजावतात, कारण नुसत्या मांसात कॅल्शियम कमी आणि पिल्लांची हाडं कच्ची राहतात. ऐकतो कोण? मी आजींना पितृपक्षातला कावळा समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मेलेल्यांना भूक लागत नाही."

इंग्लंडातून घार संपलीच होती, थोड्या जोड्या वेल्समध्ये उरल्या होत्या. १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून जवळच्या चिल्टर्न टेकड्यांत सोडली. आता त्या इथल्याच झाल्यात. (आई, हे वाक्य मनाला लावून घेऊ नकोस.)

बाबा, कॅमेऱ्याची लेन्स जुनीच घेतली आहे, कर्ज काढून नाही. आणि मी एकटा भटकत नाही. पक्षी बघायच्या आडोशात आणखी दोघं-तिघं असतात. बोलत कोणी नाही, पण असतात.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. पैसे परवा पाठवलेत. डोळ्यात घालायची लेन्स साधी नको, चांगलीच घ्या. पुढच्या महिन्याचे मात्र जरा उशिरा येतील, काळजी करू नका. साताऱ्याच्या स्थळाला हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. मे महिन्यात बघू.

छोटीच्या लग्नाला येतोच आहे. हळदीला पोचणं कठीण दिसतंय, रजा तेवढीच मिळाली. तिच्याशी मी बोलेन, तुम्ही सांगू नका. फोटो दादाच काढणार असं ती सगळ्यांना सांगत सुटली आहे म्हणे. बाहेरचा फोटोग्राफर ठरवा, आगाऊ रक्कम मी भरतो. माझ्या लेन्समध्ये मांडवातली माणसं मावत नाहीत.

तुमचा,
बाळ