जजसाहेब, त्या एका निकालासाठी थँक्यू

प्रिय जजसाहेब,

अमेरिकेतल्या ओरेगनमधलं १७ वर्षांचं पोरगं गाडी चोरताना सापडलं आणि तुमच्यापुढे आलं. याला स्कीइंग येतं म्हटल्यावर तुम्ही जेलऐवजी वॉशिंग्टन राज्यातल्या मिशन रिजच्या स्की अकॅडमीत पाठवलंत. बस, एवढंच केलंत, पण माझ्यासारख्या पोरांना खेळ शिकवणाऱ्या माणसाला ते फार कामाला आलंय. एखादा वांड पोरगा समोर आला की हाकलून द्यायच्या आधी मी विचारतो, बाबा रे, तुला येतं काय? त्याबद्दल हे पत्र.

तो पोरगा म्हणजे बिल जॉन्सन. जानेवारी १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनची डाउनहिल, म्हणजे डोंगरावरून सुसाट खाली उतरायची स्की रेस, जिंकला, तीही कशी, तर मध्येच तोल गेला, स्की दोन दिशांना फाकल्या, आता पडला म्हणेपर्यंत सावरला आणि वर पहिला आला! ऑस्ट्रियाचा नावाजलेला डाउनहिलवाला फ्रान्झ क्लॅमर, त्याच्यासकट सगळे म्हणाले नशीब. पण पुढच्याच महिन्यात साराजेव्होचं हिवाळी ऑलिम्पिक, तिथला उतार बराच सपाट, वळणं कमी, आणि बिलची खासियत नेमकी तीच, अंग पार मुडपून टकमध्ये बसायचं, स्की बर्फावर सपाट ठेवायची आणि उगाच स्कीची कड बर्फात रुतवून वेग मारायचा नाही. बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरसाठी लढावं असं आधीच सांगून बसला होता. आगाऊपणाच, पण स्वित्झर्लंडच्या पीटर म्युलरला ०.२७ सेकंदांनी मागे टाकून गोल्ड घेतलं, अल्पाइन म्हणजे उतारावरच्या स्कीइंगमध्ये अमेरिकन पुरुषाचं पहिलंच ऑलिम्पिक गोल्ड. आता या मेडलची किंमत काय असं विचारलं तर म्हणाला, मिलियन्स!

ते मिलियन्स काही आले नाहीत. त्याच सीझनला अ‍ॅस्पेन आणि व्हिसलरच्या डाउनहिल जिंकला आणि तिथेच वर्ल्डकपचे विजय संपले, वेंगेन धरून एकूण तीन. मग गुडघ्याच्या, पाठीच्या दुखापती, १९८८ च्या ऑलिम्पिक टीममध्ये नाव नाही. पुढे लहानगा मुलगा बुडून गेला, नंतर संसारही मोडला. चाळिशीत याने दंडावर ‘स्की टू डाय’ गोंदवून घेतलं आणि परत रेसिंगला उतरला. मला विचाराल तर हा वेडेपणाच होता, पण त्याला थांबवणार कोण? मार्च २००१ मध्ये माँटानातल्या बिग माउंटनवर तोंडावर आपटला, मेंदूला जबर मार, तीन आठवडे कोमा. चालणं, बोलणं, गिळणं सगळं नव्याने शिकावं लागलं, आणि हे सगळं त्याच्या आईने, डीबींनी, निभावलं. त्यांनाही इथेच नमस्कार. नंतर स्ट्रोक आले आणि जानेवारी २०१६ मध्ये ५५ व्या वर्षी तो गेला.

आता काही जण म्हणतात, स्कीइंगला पाठवलं म्हणूनच हे झालं. मला नाही पटत, जजसाहेब. २००१ ला तो स्वतःच्या मर्जीने उभा राहिला, आणि आधीचं साराजेव्हो तुम्ही त्याला मिळू दिलंत. सुधारला म्हणाल तर फारसा नाही, तोंडाळ होता तसाच राहिला, पण निकाल देताना तुम्हाला गुणी बाळ घडवायचं होतं असं मला तरी वाटत नाही. पोराच्या अंगात काय आहे ते विचारात घेतलंत, तेवढ्यासाठी मनापासून थँक्यू.

तुमचा,
पोरांचा एक कोच