तुंबडी लावा, पण पाते नवे हवे

मा. आयुष मंत्री, मध्य प्रदेश शासन, यांस
सविनय नमस्कार.

इंदूरच्या रामबागेत आमची चौथी पिढी नांदते आहे. आजेसासूबाई सांगत, वैदीण दारावर यायची, दुखऱ्या गुडघ्यावर शिंग टेकवून तोंडाने हवा ओढायची आणि भोक मेणाने बुजवायची. सुश्रुताने रक्तमोक्षणासाठी, म्हणजे अंगातले रक्त काढण्यासाठी, शिंग, भोपळा आणि जळू सांगितल्या. युनानीत तुंबडीला हिजामा म्हणतात. तेव्हा तुंबडी बंद करा, असे माझे मागणे नाही.

गेल्या महिन्यात सासऱ्यांची पाठ धरली. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांना एका हिजामा केंद्रात नेले. पालथे झोपवून, पंपाने हवा ओढून सहा पेले चिकटवले. इथवर ठीक. कोरड्या तुंबडीने कातडी वर खेचली जाते, बारीक केशवाहिन्या फुटून जांभळी वर्तुळे उठतात आणि काही दिवसांत जातात. पण मग पेले काढून पाठीवर पात्याने चिरे मारले. ते पाते कागदातून काढताना मला दिसले नाही. पुन्हा लावायचे पेले फिनेलच्या बादलीतून आले, एकाच्या कडेला तपकिरी रेघ होती. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत तो पाठीवर बसलाही होता.

सासऱ्यांच्या हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. कुणी विचारले नाही, मलाही सांगायचे सुचले नाही. ते मनातून जात नाही. रात्री बनियन भिजले, मग चादर. दोन वाजता दवाखाना गाठला.

हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016च्या नियमांत पात्यांसाठी पांढरा डबा आणि रक्त लागलेल्या प्लॅस्टिकसाठी लाल पिशवी ठरलेली आहे. ओला-सुका कचरा वेगळा करण्यात देशाला धडा घालून देणारे आपले शहर, आणि त्या केंद्राचा रक्ताळलेला कापूस साध्या पिशवीत दारात पडला होता!

साहेब, चिरे मारण्याचे काम फक्त नोंदणीकृत वैद्य-हकिमांनीच करावे आणि नोंदणी क्रमांक दारावर लावावा. पात्याचे आणि पेल्याचे पाकीट रुग्णासमोर फोडावे. गोळ्या, मधुमेह, पंडुरोग आधी विचारून कागदावर लिहून घ्यावे. लोकमान्यनगरच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात आणि भोपाळच्या युनानी महाविद्यालयात जाणती माणसे आहेत, तपासणीला त्यांनाच पाठवा.

सासऱ्यांची रक्ततपासणी तीन महिन्यांनी पुन्हा व्हायची आहे. त्याआधी आदेश निघावा, ही विनंती.

आपली,
रामबागेतील एक सून