मंत्रिमहोदय, ‘व्हॉल्व्ह बंद होता’ एवढ्याने भागत नाही

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणारा पाइप फिटर. परवा कारखान्याचा चौकशी अहवाल हाती पडला. माझ्या अपघाताचं कारण त्यात एका ओळीत उरकलंय: ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. उजव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत, म्हणून मी सांगतो आणि मुलगी टाइप करते. भाषा सभ्य वाटली तर ती तिची समजा.

वाफेच्या लाइनवरचं गॅस्केट, म्हणजे जोडातली गळती रोखणारी चकती, बदलायचं होतं. सुपरवायझर म्हणाला, “व्हॉल्व्ह बंद आहे, गेज शून्यावर आहे, घे खोलून.” व्हॉल्व्ह बंद होताच, पण पासिंग होता, म्हणजे बंद असूनही आतून गळत होता. जुन्या व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे झडप टेकते त्या कडेवर, गंज नि वेल्डिंगचा कचरा बसतो, त्या फटीतून वाफ सीट कापत जाते, मग चाक कितीही आवळा, पलीकडे दाब चढतोच. गेज तर कधीपासूनचं शून्यावर अडकलेलं. बोल्ट सैल केले आणि सात किलो दाबाची वाफ, म्हणजे साधारण 170 अंश, हातावर आणि मानेवर आली. कातडी हातमोज्यासकट निघाली.

मॅनेजर दवाखान्यात येऊन बायकोला म्हणाले, “वहिनी, सगळा खर्च आमचा.” पहिलं बिल भरलं, नंतर फोन उचलणं बंद. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, माझं नाव चढलं ते नेमकं अपघाताच्या दिवशी. आमच्या धंद्यात असे योगायोग फार. रात्री पंख्याचा वारासुद्धा मानेला सोसत नाही, कुशीवर वळलो की बायको उठून बसते. असो, अहवालात याला रकाना नाही.

साहेब, लाइन खोलायची रीत आम्ही आयटीआयत शिकलो. एका व्हॉल्व्हवर भरवसा ठेवायचा नाही. दोन बंद करायचे आणि मधला ड्रेन उघडा ठेवायचा. पहिला गळला तर वाफ ड्रेनमधून बाहेर दिसते, दुसऱ्यावर दाब साठत नाही. काम मोठं असेल किंवा माणूस टाकीत उतरणार असेल तर फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपच्या बोल्टच्या जोडात, ब्लाइंड मारायची, म्हणजे वाट बंद करणारी अखंड लोखंडी चकती. व्हॉल्व्हला कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये नव्हे. काम सुरू करायच्या परवानगीच्या कागदावर, परमिटवर, सही जागेवर येऊन, ड्रेन उघडून बघितल्यावर. दहातल्या नऊ कारखान्यांत यातलं काहीच होत नाही, हे मी लिहून देतो. मोजायला गेलात तर कदाचित साडेनऊ भरतील. एका कुलपाला पाचशे रुपयेही पडत नाहीत.

1984 साली भोपाळच्या वायुकांडात पाणी रसायनाच्या टाकीत कसं शिरलं, यावर कंपनी आणि कामगारांचं कधीच एकमत झालं नाही. पण त्या रात्री पाइप धुताना ब्लाइंड घातलेली नव्हती. एवढी माणसं मेल्यावर तरी ही गोष्ट देशातल्या प्रत्येक फिटरच्या आधी प्रत्येक मालकाला पाठ व्हायला हवी होती. आपल्याकडे काय झालं? 4 मार्चला सुरक्षेची शपथ, गेटवर फलक, अधिकाऱ्यांना गुलाबाचं फूल. 5 तारखेला पुन्हा “घे खोलून.”

आणि सरकार? 2025 मध्ये कारखान्यातले रोजचे नऊ तासांचे बारा तास करायला मंत्रिमंडळाला सवड मिळाली. अकराव्या तासाला कुठला व्हॉल्व्ह बंद केला हे कुणाला आठवतं, तेही एकदा ठरवून टाका. केंद्राच्या मूळ कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की तो कारखाना. नव्या कामगार संहितेत वीस लागतात. उरलेल्यांच्या लाइनमधली वाफ थंड असते बहुतेक! कुंभमेळ्यासाठी हजारो कोटी आहेत, घाट होताहेत, रस्ते होताहेत, आनंद आहे. तपासणीला माणूस मागितला की मात्र पदं रिक्त. कारखान्यात तपासणीचे साहेब येऊन गेले म्हणे, मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा झाला. भाजलेल्या माणसाला विचारायला दवाखान्यात कुणी आलं नाही.

माझं मागणं मोठं नाही. तो व्हॉल्व्ह काढून कापून बघा, सीट बघा, गेज तपासायला पाठवा आणि त्या दिवशीचं परमिट कुणी, कुठे बसून सही केलं ते विचारा. मग ती ओळ राहते का बघू. ठेकेदाराचा माणूस रोज घरी येतोय. ‘अहवाल मान्य’ अशी सही दिली तर उरलेलं बिल भरतो म्हणतो. डाव्या हाताचा अंगठाही चालेल म्हणाला. मी दिलेला नाही.

आपला,
एक ठेका कामगार, अंबड, नाशिक