गौरी एकाच साच्यात बसवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या दिवसांत निघणाऱ्या पुरवण्यांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत गौरीपूजनाचा 'शास्त्रोक्त विधी' म्हणून एकच पद्धत दाखवतात: दोन उभ्या गौरी, भरजरी साड्या, पुढे पुरणपोळीचे ताट. ते पाहून मुंबईतल्या अनेक घरांत आपलीच रीत चुकीची असावी या धास्तीने ती बदलली जाते. याचे फार वाईट वाटते.

कोकणस्थांच्या बऱ्याच घरांत पाणवठ्यावरचे पाच किंवा सात खडे हीच गौर. ते आणताना बोलायचे नाही, एवढेच बंधन. कोकणात इतर अनेकांकडे तेरड्याची रोपे आणतात. मुळे ही गौरीची पावले, म्हणून रोप मुळासकटच हवे. दादरच्या बाजारात जुडी घेताना मुळाला ओली माती आहे ना, ते पाहावे. तेरड्याचा दांडा पाणीदार असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला की रात्रीत सडतो. ओल्या फडक्यात गुंडाळून उभा ठेवावा.

विदर्भ-मराठवाड्यात त्या महालक्ष्म्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, सोळा गाठींचा दोरा. तिथे मुखवट्याखाली धान्याने भरलेली कोठी असे. आताचे पत्र्याचे हलके स्टँड नऊवारीच्या आणि दागिन्यांच्या भाराने पुढे झुकतात. कोठीतले धान्य नैवेद्याइतकेच तोल सांभाळायलाही होते. बुडाशी दोन-तीन किलो तांदूळ किंवा गहू ठेवावेत आणि मुखवटा बसवण्यापूर्वी स्टँड हलवून पाहावा.

नैवेद्यावरून तर उगीच नाके मुरडली जातात. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी बहुतेक ठिकाणी असते. दुसऱ्या दिवशी कुठे पुरणपोळी, कुठे घावन-घाटले, तर कोकणातल्या कित्येक घरांत मटण किंवा मासळीचा तिखट नैवेद्य. तेव्हा गणपती आणि गौर यांच्यामध्ये पडदा धरतात. हा त्या घरांचा कुळाचार आहे. सोसायटीच्या ग्रुपवर त्यावर शेरे मारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता मुख्य विनंती. गणपती तिथीवर बसतो, गौरी चंद्राच्या नक्षत्रावर येतात: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे चतुर्थी अलीकडे सरकते आणि गौरी तिच्यापासून साधारण एकेक दिवस लांब जातात. अधिक मास आला की हे अंतर पुन्हा कमी होते. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून चतुर्थी १९ सप्टेंबरला आली आणि गौरीविसर्जन पाचव्या दिवशी झाले. २०२४ मध्ये ते सहाव्या दिवशी, २०२५ मध्ये सातव्या. 'गौरी-गणपती पाच दिवसांचे' असे धरून कोकणातून परतीचे तिकीट काढणाऱ्यांची म्हणूनच फजिती होते.

तिकिटांचे आरक्षण सुरू होण्याआधीच आपण गौरींचे तीनही दिवस तारखांसह छापावेत, आणि पुरवणीत खड्यांच्या, तेरड्याच्या व उभ्या गौरींना सारखी जागा द्यावी. विसर्जनाच्या सूचनांत एवढेही घालावे: पितळी किंवा शाडूचे मुखवटे परंपरेने घरीच ठेवतात, खडे पाण्यात सोडतात आणि तेरडा निर्माल्य कलशात द्यावा.

आपली,
एक वाचक, गिरगाव, मुंबई