फुकट संग्रहालयांचे 'प्रवेश शुल्क' आणि पबच्या दारातून परत पाठवलेली मुले : तक्रार व परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
परदेश सहली, पुणे

विषय : स्कॉटलंड सहलीतील 'ग्लासगो फॅमिली डे' या ऐच्छिक दिवसाबद्दल तक्रार

महोदय,

मे महिन्यात आपल्या स्कॉटलंड सहलीला मी, माझे यजमान, सासूसासरे आणि आमची दोन मुले (वय ९ आणि ४) असे सहाजण आलो होतो. एडिनबरा व्यवस्थित झाले, त्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती ग्लासगोच्या दिवसाबद्दल. हा दिवस आपण 'खास लहान मुलांच्या कुटुंबांसाठी' म्हणून जादा पैसे घेऊन विकला.

पावतीवर 'संग्रहालय प्रवेश शुल्क : प्रतिव्यक्ती ३,२०० रुपये' अशी ओळ आहे. संग्रहालये दोन, केल्विनग्रोव्ह आणि रिव्हरसाइड. दोन्ही ग्लासगो शहराची आहेत आणि दोन्ही सगळ्यांना मोफत आहेत. केल्विनग्रोव्हच्या दाराशी तिकीट खिडकी नव्हती, देणगीची पेटी होती. माझ्या मुलाने त्यात एक पौंडाचे नाणे टाकले, तेवढाच काय तो आमचा तिथला खरा खर्च. म्हणजे आपण सहाजणांचे १९,२०० रुपये कशाचे घेतलेत? चार वर्षांच्या मुलीचेही पूर्ण घेतलेत.

फोनवर आपले प्रतिनिधी म्हणाले की ते शुल्क 'व्यवस्थापनाचे' आहे. मग पावतीवर तसे लिहायचे होते. आणि व्यवस्थापन तरी कसले? केल्विनग्रोव्ह १९०१ सालचे आहे, बावीस दालनांचे. मधल्या दालनात रोज दुपारी भला मोठा पाइप ऑर्गन वाजवतात. आठवड्यातल्या दिवशी तो एक वाजता सुरू होतो. आपल्या टूर मॅनेजरने एकला पाच मिनिटे असताना सगळ्यांना बसकडे पिटाळले. वादक येऊन बसलेला आम्हाला दिसत होता. मुलांचे तर पश्चिमेकडच्या दालनातच पाऊल अडकले होते. खाली सर रॉजर नावाचा पेंढा भरलेला हत्ती आणि त्याच्या डोक्यावर छताला टांगलेले खरेखुरे स्पिटफायर विमान! विमान हत्तीवर पडले तर काय होईल, यावर दोघांचा वाद रंगात आला होता आणि पलीकडून 'चला, चला' चालू होते. बेसमेंटमधल्या खास प्रदर्शनांना तिकीट असते हे मला ठाऊक आहे. तिकडे आपण आम्हाला फिरकूही दिले नाही, त्यामुळे तीही सबब चालणार नाही.

रिव्हरसाइडला जरा बरा वेळ मिळाला. जुन्या ट्राममध्ये चढता येते, जुन्या काळची एक अख्खी गल्ली आत उभी केली आहे, मोटारगाड्या भिंतीवर टांगल्या आहेत. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. ग्लासगोत बांधून दक्षिण आफ्रिकेला गेलेल्या प्रचंड वाफेच्या इंजिनापाशी ते असे रमले की त्यांना हाताला धरून आणावे लागले. या दिवसात मन भरून पाहिले ते एवढेच.

कार्यक्रमपत्रिकेत पुढे पोलॉक पार्क होते, 'लांब केसांच्या हायलँड गाई पाहणे' असे फोटोसकट छापलेले. त्या गाईंसाठी मुलीने आठवडाभर घर डोक्यावर घेतले होते. 'वेळ नाही' म्हणून ते रद्द झाले आणि त्याच वेळेत बस थांबली ती बुकॅनन स्ट्रीटजवळ, एका शाली-मफलरच्या दुकानासमोर. पार्कही मोफत आहे. तिथे कुणाला कमिशन मिळत नाही, हे कारण असेल तर तसे सांगा.

आता जेवण. आपल्या पत्रकात 'कुटुंबासाठी अनुकूल पारंपरिक पबमध्ये रात्रीचे जेवण, शाकाहारी पर्यायासह' असे शब्द आहेत. टेबल राखले होते साडेआठचे. दारावर पाटी होती, मुलांना आठपर्यंतच आणि जेवणार असतील तरच प्रवेश. स्कॉटलंडमध्ये मुलांना कोणत्या वेळी आत घ्यायचे हे प्रत्येक पबच्या परवान्यातच ठरलेले असते. २००५ च्या परवाना कायद्यानेच तशी सोय आहे. त्यामुळे दारातली मुलगी नम्रपणे 'नाही' म्हणाली, तिचा काही दोष नाही. बुकिंग करताना आपण एक प्रश्न विचारला असता तर भागले असते. आपल्या टूर मॅनेजरने काढलेला तोडगा असा : "मोठ्यांनी आत जाऊन जेवून घ्या, कुणीतरी एकाने मुलांना घेऊन बाहेर थांबा." फॅमिली डे!

मेमध्ये तिथे रात्री नऊ वाजताही उजेड असतो हे खरे, पण गारठाही असतो. धाकटी यजमानांच्या खांद्यावर झोपली होती. सासूबाईंना शाकाहारी म्हणून ज्या चिप्स देऊ केल्या, त्या कशात तळल्या असे विचारल्यावर गाईच्या चरबीत असे उत्तर आले. ब्रिटनमध्ये काही ठिकाणी अजून तसे तळतात. वर्षानुवर्षे शाकाहारी माणसे तिकडे नेणाऱ्या कंपनीला हे माहीत नसावे?

शेवटी आमचे आम्हीच जवळचे एक साधे हॉटेल शोधले. तिथे सासूबाईंनी शाकाहारी हॅगिस (एरवी मांसाचा असणारा तिथला पारंपरिक पदार्थ) मागवली, ओट्स, मसूर आणि राजम्याची. मिरपूड जास्त पडलेली घट्ट खिचडी असावी तशी होती, आणि त्यांनी पूर्ण संपवली. मुलांना भात-डाळही मिळाली. हे अवघड नव्हतेच. ग्लासगोत भारतीय आणि पाकिस्तानी जेवणाची रेलचेल आहे, चिकन टिक्का मसाला आपल्याच गावात जन्मला असा तिथले लोक दावा करतात. पोलॉकशील्ड्सच्या अल्बर्ट ड्राइव्हवर गेलात तर मिठाईपासून कोथिंबिरीपर्यंत सगळे मिळते. अशा शहरात पैसे भरलेली माणसे उपाशी उभी करायला खास कसब लागते.

माझी मागणी :
प्रवेश शुल्काचे १९,२०० रुपये आणि न मिळालेल्या जेवणाचे प्रतिव्यक्ती २,४०० प्रमाणे १४,४०० रुपये, असे एकूण ३३,६०० रुपये परत करावेत. रद्द केलेल्या पोलॉक पार्कबद्दल लेखी खुलासा द्यावा. पुढच्या सहलीसाठी सूट देणारे कूपन मला नको. ते आधीच ईमेलने आले आहे आणि मी ते वापरणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा या मुद्द्यांवर दाद मागेन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. ते मात्र खरोखरच मोफत आहे.

कृपया फोन करू नये, उत्तर कागदावरच द्यावे.

आपली,
(सही)

सोबत : पावतीची प्रत, छापील कार्यक्रमपत्रिका, पबच्या दारावरील पाटीचा फोटो