खडकाळ बेटांचा नकाशा तपासून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीच्या, पाच दिवसांच्या सफरीचा आमचा आराखडा तुम्ही ओळ न् ओळ तपासून दिलात, त्याबद्दल आम्हा सहा जणांकडून मनापासून आभार. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण नकाशावरच्या तुमच्या पेन्सिलच्या खुणा खडकाळ बेटांकडे निघालेल्या कुणालाही उपयोगी पडतील.

आमच्या कागदावर रोजची अंतरं होती. ती बाजूला सारून तुम्ही आधी उतरायच्या जागा विचारल्यात. खडकाळ बेटाला किनारा सगळीकडून असतो, पण कयाक लावता येईल अशी पुळण एखादीच, तीही वाऱ्याच्या तोंडावर असू शकते. म्हणून प्रत्येक टप्प्याला दोन खुणा: एक मुक्कामाची, दुसरी वारा फिरला तर आडोशाची. दुसरी जागा सापडेना, तो टप्पा तुम्ही सरळ खोडलात. ते खोडणं हीच सगळ्यात मोठी मदत.

सामानाने भरलेली कयाक तीन नॉटच्या, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास चालते. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेत तेवढाच प्रवाह समोरून आला, तर कितीही वल्हवा, कयाक जागच्या जागीच. यासाठी तुम्ही बाराव्या हिश्शाचा हिशोब घोटून घेतलात. भरतीच्या सहा तासांत पाणी एकूण चढाच्या बारा हिश्शांपैकी तासागणिक 1, 2, 3, 3, 2, 1 असं चढतं. एकूण चढ 3 मीटर असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी पाऊण मीटर. प्रवाहाचा जोर बहुधा याच दोन तासांत असतो, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर फारच. मात्र चिंचोळ्या वाटेत पाणी थांबण्याची वेळ किनाऱ्यावरच्या भरतीच्या वेळेशी जुळेलच असं नाही, ही तुमची समासातली टीप आम्ही दोनदा अधोरेखित केली आहे. प्रवाह एकीकडे आणि वारा त्याच्या उलट, अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेव्हा थांबायचं.

बुडालेल्या खडकांबद्दल तुम्ही जे शिकवलंत ते कुठल्याही नकाशापेक्षा मोलाचं आहे. लहान लाटा अशा खडकावरून न फुटता निघून जातात, पाणी निवांत दिसतं. मग मोठ्या लाटांची एक फेरी येते आणि तीच जागा पांढरीफटक होते. त्यामुळे खडकांमधली फट दिसली की लगेच शिरायचं नाही. बाहेर पाच-दहा मिनिटं थांबून सगळ्यात मोठी लाट कुठे फुटते ते बघायचं. उभ्या कड्याला चिकटून जाणंही टाळायचं. कड्यावर आपटून परतलेली लाट येणाऱ्या लाटेला भिडते, तिथे पाणी कुठल्याही बाजूने उसळतं आणि वल्ह्याला टेकू मिळत नाही.

स्केगच्या, म्हणजे कयाकच्या मागच्या बाजूला तळाच्या खाचेतून खाली-वर होणाऱ्या पात्याच्या, दोरीसाठी मात्र वेगळे आभार मानायला हवेत. बाजूच्या वाऱ्यात कयाकचं नाक वाऱ्याकडे वळतं, कारण पुढे जाताना नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात धरून राहते आणि मोकळी मागची बाजू वारा ढकलतो. मागचं पातं थोडं खाली सोडलं की ती बाजू पकड घेते; पूर्ण सोडलं तर नाक उलट वाऱ्यापासून पळतं. पण गोट्यांच्या पुळणीवरून निघताना खाचेत खडा अडकतो आणि पातं हलत नाही. आत बसून जोर लावला की पातं खाली-वर करणारी केबल वाकते. तुम्ही पात्याच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रात वीतभर दोरीचा फास बांधून दिलात. सोबत्याने पाण्यात हात घालून तो ओढला की खडा सुटतो, केबलला धक्का लागत नाही.

पाण्याचा हिशोबही तुमचाच: माणशी दिवसाला 4 लिटर, म्हणजे पाच दिवसांचे 20 किलो. दहा लिटरच्या पिशव्यांऐवजी 2 ते 4 लिटरच्या, त्याही आसनाच्या लगेच मागे, तळाला चिकटवून. रोज 4 किलो कमी होतात, तेही मागूनच. मग नाळ जड पडते आणि कयाक वाऱ्याकडे जास्तच वळू लागते. त्यामुळे रोज सकाळी सामान नव्याने लावायचं. हॅचच्या, म्हणजे सामानाच्या कप्प्याच्या तोंडाच्या, कडेला वाळूचा कण राहिला तरी पाणी झिरपतं, म्हणून झाकण लावण्याआधी कडेवरून बोट फिरवायचं.

उलटलेली कयाक रिकामी असेल तर नाळ उचलून आतलं पाणी ओतता येतं. सामान भरलेली असेल तर त्या खटाटोपात मदत करणाऱ्याचाही तोल जातो. ती नुसती सरळ करायची, माणसाला आत घ्यायचं, सोबत्याने कयाक घट्ट धरून ठेवायची आणि पंपाने उपसायचं. हा फरक तुम्ही सामान भरूनच करून घेतलात, हे फार बरं झालं.

तुमच्या खुणांचा नकाशा पुढच्या गटाला देत आहोत. त्यात एकच भर घातली आहे: तिसऱ्या मुक्कामाची पुळण उधाणाच्या भरतीत पूर्ण बुडते, तंबू वरच्या गवताच्या पायरीवर लावावेत आणि कयाकही तिथेच चढवून बांधाव्यात.

आपले,
सहा कयाककर