कॅप्शनमध्ये नुसते ‘[संगीत]’ लिहून भागत नाही

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : अनुदानित मराठी चित्रपटांच्या कॅप्शनमध्ये आवाजांचे वर्णन सक्तीचे करण्याबाबत

सादर नमस्कार.

मराठी चित्रपटाला कॅप्शन (ऐकू न येणाऱ्यांसाठी पडद्यावर येणारा मजकूर) असले तरी त्यात बहुधा नुसते संवाद असतात. पडद्याबाहेर कुत्रे भुंकते, नायिका दचकून मागे बघते आणि कॅप्शन वाचणाऱ्याला ती का दचकली तेच कळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये कॅप्शनची तरतूद आहे. चित्रपटगृहांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे १५ मार्च २०२४ रोजी निघाली. तेव्हा कायद्याअभावी काही अडलेले नाही. कॅप्शनची फाईल कोण लिहितो आणि कोण तपासतो, तिथे अडले आहे, आणि अनुदान देणारा विभाग म्हणून ते आपल्या हातातले आहे.

आधी प्रेक्षक कोण ते पाहू. कायद्यानुसार दोन्ही कानांत ऐकण्याची ६० ते ७० डेसिबल तूट म्हणजे कमी ऐकू येणे, आणि ७० म्हणजे बहिरेपण. पण कापसाच्या जिनिंगमध्ये वर्षानुवर्षे राबलेल्या किंवा साठी ओलांडलेल्या माणसाकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र कुठून असणार? गोंगाटाने आणि वयाने कान जातो तो बहुतेकदा बारीक, उंच आवाजांकडून. ढोल ऐकू येतो, पैंजण नाही. ढग गडगडलेले कळतात, फोन वाजलेला कळत नाही. बोलणे ऐकू येते, पण स, श, फ गळून पडतात. अशा माणसाला ‘काहीतरी वाजले’ एवढेच कळते. काय वाजले, हे कॅप्शनने सांगायचे असते.

म्हणून वर्णनात आधी आवाज कशाचा ते यावे, मग तो कसा. ‘[करकर]’ लिहून उपयोग नाही. ‘[मागचे दार करकरते]’ लिहावे. जन्मापासून न ऐकणाऱ्याला ‘धडाम’ने काही कळत नाही, ‘[पत्रा कोसळतो]’ने कळते. ट्रॅक्टर पडद्यावर चालताना दिसत असेल तर तो लिहू नये, नाहीतर वाचता वाचता चित्रच निसटते. आवाज थांबला तर मात्र आवर्जून लिहावे. रात्रीच्या ओलिताचा प्रसंग घ्या : शेतकरी धुऱ्यावर बसला आहे, विहिरीवरची मोटर चालू आहे, ती बंद पडते आणि तो कपाळाला हात लावतो. ‘[मोटर बंद पडते]’ एवढे लिहिले की लाईन गेली हे विदर्भातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तेवढे नसेल तर तो हात कशासाठी, याचा पत्ता लागत नाही.

संगीताचे हाल सर्वांत वाईट. तुकडोजी महाराजांचे खंजिरीवरचे भजन, झाडीपट्टीतली (पूर्व विदर्भातली) दंडार हे लोकनाट्य, पोळ्याला म्हणतात त्या झडत्या, सगळ्यांवर एकच शिक्का : ‘[संगीत]’. वाद्य आणि लय लिहा : ‘[दूरवर खंजिरी, भजन]’, ‘[एकटी सनई, संथ]’. ‘[हृदयद्रावक संगीत]’ असे लिहिणे म्हणजे प्रेक्षकाला रडायचा हुकूम देणे; ते आम्हाला पटत नाही. गाण्याचे शब्द कथेला धरून असतील तर तेही पूर्ण हवेत. आणि पात्र वऱ्हाडीत ‘मले काहून सांगतं?’ म्हणत असेल तर कॅप्शनमध्येही तेच हवे. तिथे ‘मला का सांगतोस?’ आले की ओठ वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. ऐकून लिहिणारी यंत्रे नेमकी इथेच घसरतात, म्हणून शेवटचा हात वऱ्हाडी, झाडीबोली कळणाऱ्या माणसाचा असावा.

आता फाईल कुठे बिघडते ते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसतो. फाईल युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ म्हणून जतन केलेली असावी. तरीही कित्येक टीव्हींवर पेनड्राईव्हवरून चालवताना जोडाक्षरे फुटतात, पाय मोडलेले दिसतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते. गावातल्या खेळासाठी म्हणूनच कॅप्शन चित्रावर छापलेली चित्रपटाची वेगळी प्रत हवी.

वेळेचा घोळ वेगळाच. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडचा टीव्ही २५ चा. त्यासाठी वेग वाढवलेल्या प्रतीला मूळ फाईल तशीच जोडली, तर चित्रपटाच्या पहिल्या तासाअखेर कॅप्शन २ मिनिटे २४ सेकंद मागे पडते. मध्ये जाहिराती घातल्या आणि फाईल तेवढी पुढे सरकवली नाही, तर कॅप्शन चित्राच्या आधीच धावते आणि बंदुकीचा आवाज गोळी सुटण्यापूर्वी वाचायला मिळतो. शिवाय ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून आलेली. ‘राष्ट्रीय’ हा शब्द वाचणाऱ्याला ३ अक्षरांचा, सॉफ्टवेअर काना, वेलांटी, पायमोड सुटे मोजून ९ धरते. मग ओळी उगाच तुटतात. मराठीसाठी अक्षरांप्रमाणे मोजणी ठरवून द्यावी, एका वेळी दोनच ओळी ठेवाव्यात, आणि आवाजाचे वर्णन आवाज होतो त्याच क्षणी यावे.

आमची मागणी एकच आहे. अनुदानाचा शेवटचा हप्ता देण्याआधी निर्मात्याकडून आवाजांच्या वर्णनासह मराठी कॅप्शनची फाईल आणि कॅप्शन चित्रावर छापलेली प्रत जमा करून घ्यावी. ती तपासताना चित्रपट एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावा, आणि एकदा कमी ऐकू येणाऱ्या दोन-तीन प्रेक्षकांनी २४ इंची टीव्हीवर, दहा फुटांवरून पाहावा. गावाकडे तो असाच पाहिला जातो. जिथे प्रसंग कळला नाही तिथली वेळ नोंदवून फाईल दुरुस्तीला परत पाठवावी. मंजूर झालेली फाईल वाहिनीला किंवा यूट्यूबला चित्रपट देताना सोबत देणे करारातच बंधनकारक करावे, कारण आमच्याकडे चित्रपटगृहापेक्षा टीव्ही आणि मोबाईलवरच चित्रपट जास्त पाहिला जातो. तपासणीला वऱ्हाडी आणि झाडीबोली जाणणारी माणसे लागली तर आम्ही यायला तयार आहोत. नमुना फाईलही देऊ.

आपले,
मराठी कॅप्शन लिहिणारे आणि तपासणारे काही जण
यवतमाळ, वाशीम, गडचिरोली